शहराचा कायम निधी
सांगलीच्या निमित्ताने मध्यम शहरांच्या वाढीचा विचार

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी. नगररचना हा माझ्या अध्ययनाचा प्रांत नव्हे. तथापि ज्या शहरात आपण तीन-तीन पिढ्या राहिलो, ज्याच्या पेठेत आपली गादी आहे, त्या शहराचा जमाखर्च तपासण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास असतो. आणि जमाखर्च हा तर माझा रोजचाच विषय आहे. म्हणून आजचा विषय मी अभियंत्याच्या भाषेत न मांडता हिशेबाच्या भाषेत मांडणार आहे.

विश्वस्तांचा नियम

आपल्या संस्थेला पन्नास वर्षे झाली. एवढा काळ एखादी संस्था टिकते, याचे एक कारण सेवाभावी कार्यकर्ते. आणि दुसरे, तितकेच महत्त्वाचे कारण म्हणजे कायम निधीची शिस्त. दात्याने कायम निधीत दिलेली रक्कम खर्च करावयाची नाही, तिच्या व्याजावर कार्य चालवावयाचे, हा साधा नियम. स्थावर मिळकतीच्या बाबतीत तर कायदाच पहारा देतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या ३६ व्या कलमान्वये धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विश्वस्तांना संस्थेची जमीन विकता येत नाही. विश्वस्त कितीही सचोटीचे असोत, परवानगी घ्यावीच लागते. कारण ती जमीन त्यांची नसते. मागे होऊन गेलेल्यांची आणि पुढे येणाऱ्यांची असते.

आता असा विचार करा, की शहरालाही असा कायम निधी असतो. तो बँकेत नसतो. नदीचे पात्र, तिला पूर आला की ती जेथे पसरते ती सखल जमीन, गावातून वाहणारे ओढे-नाले, विहिरी, तळी आणि मोकळी मैदाने हे शहराचे मूळ भांडवल होय. ते कोणी एकाने मिळविलेले नाही. आणि दुर्दैवाची गोष्ट अशी, की संस्थेची चार गुंठे जागा विकावयाची तर परवानगीची फाईल महिनोन्महिने फिरते. पण शहराचा अख्खा नाला एका उन्हाळ्यात मुरमाच्या डंपरांनी बुजतो, तेव्हा बहुधा कोणाची परवानगी लागत नाही, आणि कोणाची सहीदेखील सापडत नाही.

माझ्या आजच्या व्याख्यानाचे सूत्र एवढेच आहे. भांडवल विकून आलेल्या रकमेला जो नफा म्हणतो, तो व्यापारी फार काळ टिकत नाही. शहरही टिकत नाही.

नदीकाठचे नगर

सांगलीचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी कृष्णाकाठी सांगली येथे आपली राजधानी केली. गणपती मंदिर, गणेशदुर्ग आणि भोवतालच्या पेठा यांतून नगर आकारास आले. पुढे १९२९ साली आयर्विन पूल झाला. आज पावसाळ्यात साऱ्या शहराचे लक्ष या पुलाजवळच्या पाणीपातळीकडे लागलेले असते. चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस फूट म्हणजे धोका, हे आकडे येथील शाळकरी मुलांनाही पाठ आहेत.

येथील भूगोलही ध्यानात घ्यावयास हवा. कऱ्हाडला कोयना कृष्णेस मिळते. सांगलीस लागून हरिपूर येथे वारणा येऊन मिळते. पुढे नृसिंहवाडीस पंचगंगेचा संगम. या नद्या एकाच वेळी फुगल्या म्हणजे कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकण्यास वाव राहात नाही, आणि ते मागे तुंबते. नदीला येथे उतार कमी, वळणे अनेक आणि काठची जमीन काळी व चिकण. अशा ठिकाणी पूर हा अपघात नसून नदीचा स्वभावच आहे.

आपल्या पूर्वजांना हा स्वभाव माहीत होता. हरिपूर व सांगलवाडीच्या परिसरातील हळदीची पेवे आठवा. जमिनीत खोल खड्डा खणून त्यात हळद वर्षानुवर्षे सुरक्षित ठेवावयाची, हे सांगलीच्या हळद बाजाराचे वैशिष्ट्य होते. कोणत्या जागी जमीन कोरडी राहते आणि कोठे ओल चढते, याचे सूक्ष्म ज्ञान असल्याखेरीज पेव बांधता येत नाही. २००५ च्या महापुरात त्यांपैकी असंख्य पेवांत पाणी शिरले आणि ही पद्धत जवळजवळ संपुष्टात आली. तसेच १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि पुढे वालचंद महाविद्यालय ही विश्रामबागेकडे, सांगली आणि मिरज यांच्यामधल्या चढाच्या भूमीवर उभी आहेत. शहराच्या वाढीची स्वाभाविक दिशा तीच होती. पण शहर केवळ चढाकडे वाढले नाही. ते उताराकडेही वाढले.

तीन महापूर, एक धडा

२००५ साली आयर्विन पुलाजवळ पाणी जवळपास चोपन्न फुटांवर गेले. तेव्हा आपण म्हणालो, असा पूर पुन्हा पाहावा लागणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांच्याही वर गेले. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा सुमारे पंचावन्न फूट. म्हणजे सोळा वर्षांत तीन महापूर.

२०१९ चा प्रसंग आमच्या पेठेतील कोणीही विसरणार नाही. बहुतेक दुकानांतून २००५ च्या पाण्याची खूण भिंतीवर रंगवून ठेवलेली होती. पुराची वार्ता येताच मंडळींनी त्या खुणेच्या वर फळ्यांवर आणि पोटमाळ्यावर तागे रचले व निश्चिंत झाली. पाण्याने खूण ओलांडली. आठवड्याने पेठ उघडली तेव्हा श्रावणातील सण, रक्षाबंधन आणि गणेशोत्सव यांसाठी भरलेला माल चिखलात भिजून फुगला होता. साड्यांचे रंग एकमेकींत उतरले होते. सहा-सहा महिन्यांच्या उधारीने आणलेला तो माल. पैसे तर द्यावयाचेच होते, आणि बहुतेकांनी ते दिलेही.

अलमट्टी धरणाच्या फुगवट्याविषयी दोन राज्यांत वाद आहे. धरणांतून पाणी केव्हा व किती सोडावे, याविषयीही मतभेद आहेत. त्या प्रश्नांचा निकाल तज्ज्ञांनी आणि शासनाने करावा. परंतु २०१९ च्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीने अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातील बांधकामांकडे आणि आकुंचित झालेल्या जलमार्गांकडेही बोट दाखविले आहे. आकाशातून किती पाऊस पडावा हे आपल्या हाती नाही. अलमट्टीची दारेही आपल्या हाती नाहीत. आपल्या हाती आहेत ते आपले नाले.

भरावाचे गणित

आता थोडे अंकगणित करू. एक गुंठा म्हणजे सुमारे एकशे एक चौरस मीटर. त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी जमते, म्हणजे मोठा एक टँकर. मोकळ्या मातीत त्यातील काही भाग मुरतो. काँक्रीट आणि फरशी झाली की जवळजवळ सारे वाहून खालच्या अंगास जाते. एका एकराचे चाळीस टँकर झाले.

दुसरा हिशेब याहून गंभीर आहे. एक एकर सखल जमिनीत मीटरभर पाणी साठले तर ते होते चाळीस लाख लिटर, म्हणजे चारशे टँकर. त्या जमिनीवर मालकाने मीटरभर भराव टाकला, की त्याचा भूखंड कोरडा होतो, पण ते चारशे टँकर पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या वस्तीत जाते. शेजाऱ्याने भराव टाकला की त्याच्या शेजारच्या वस्तीत. शेवटी ते अशा माणसाच्या घरात स्थिरावते, ज्याला भराव टाकणे परवडत नाही. व्यापारात याला तोटा दुसऱ्याच्या नावे मांडणे म्हणतात.

शामरावनगरसारख्या सखल भागात राहणाऱ्यांना विचारा. नदीला पूर नसतानाही, केवळ पावसाच्या पाण्याने तेथील रस्ते दिवसेंदिवस पाण्याखाली असतात. ही वस्ती हौसेने तेथे गेलेली नाही. पेठेतील दुकानांत काम करणारे, हमाली करणारे, कारखान्यांतील कामगार, निवृत्त शिपाई आणि लिपिक अशा मंडळींना शहरात कोठे जागा परवडत होती? त्यांनी एक-एक, दोन-दोन गुंठे घेतले. गुंठेवारी हा शब्द साऱ्या महाराष्ट्रात ऐकू येत असला तरी सांगलीत तो घरोघरचा शब्द आहे. २००१ साली शासनाने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. २०२१ साली त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्यांना तो लागू केला. गरिबाच्या डोक्यावरील छप्पर वैध व्हावे, यात दुमत नाही. पण कागद नियमित झाला म्हणून जमीन उंच होत नाही. स्वस्त आणि कोरडी जमीन सामान्य माणसाला वेळेवर मिळाली नाही, म्हणून त्याने स्वस्त आणि ओली जमीन घेतली. गुंठेवारी हा नागरिकाचा अपराध नसून नियोजनाच्या विलंबाचा भुर्दंड आहे, असे माझे मत आहे.

निळी रेषा आणि लाल रेषा

पूररेषेविषयी आपल्यात बराच गैरसमज आहे. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी रेषा. तिच्या आत बांधकामास मनाई असते. शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती लाल रेषा. या दोहोंमधील पट्ट्यात निर्बंधांसह बांधकाम करता येते. पाटबंधारे खात्याने या संबंधीच्या सूचना १९८९ सालीच काढलेल्या आहेत. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आज पूर आला तर पुढची नव्याण्णव वर्षे सुटका, असा नव्हे. त्याचा अर्थ, दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता. आणि पाऊसमान बदलत आहे, ही गोष्ट आता शेतकऱ्यालाही कोणी सांगावी लागत नाही.

या रेषा नकाशावर आहेत. पण नकाशा कार्यालयात असतो आणि भूखंड घेणारा माणूस माळावर उभा असतो. दोघांची गाठ पडत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की रेषा कागदावरून जमिनीवर आणाव्यात. चौकाचौकांत, विजेच्या खांबांवर, शाळांच्या भिंतींवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पातळीच्या पक्क्या खुणा असाव्यात. खरेदीखतात त्या भूखंडाची पातळी आणि पूररेषेतील स्थान नमूद करणे बंधनकारक व्हावे. आम्ही कापडावर सुती किती आणि पॉलिएस्टर किती हे छापतो. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या जमिनीवर ती पाण्यात बुडते की नाही, एवढे तरी छापलेले असावे.

सुरतेचे उदाहरण

कापडाच्या व्यापारामुळे आम्हा मंडळींचे सुरतेस वरचेवर जाणे होते. सुरत मध्यम शहर नव्हे, आणि तिचे सारेच अनुकरणीय आहे असेही नव्हे. पण संकटातून शिकण्याच्या दृष्टीने तिचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९९४ साली तेथे प्लेगची साथ आली. लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले आणि मार्केट ओस पडले. १९९५ साली आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कार्यालयातून रस्त्यावर उतरविले आणि अल्पावधीत ते शहर स्वच्छतेत अग्रगण्य झाले. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या महापुराने तेच शहर बुडाले. त्यानंतर उकाई धरणातील आवक, विसर्ग आणि शहरातील पातळी यांचा मेळ घालणारी पूर्वसूचना व्यवस्था उभारण्यात आली. आणखी एक गोष्ट वाणिज्याच्या विद्यार्थ्याला विशेष भावते. तेथील महानगरपालिका सांडपाणी शुद्ध करून पांडेसरा येथील कापड प्रक्रिया कारखान्यांना विकत देते. खर्चाच्या बाजूची नोंद जमेच्या बाजूस आली.

आपल्याकडेही अशी कल्पना नव्हती असे नाही. शेरीनाल्याचे दूषित पाणी कृष्णेत न सोडता शुद्ध करून धुळगावच्या शेतीला द्यावयाचे, ही योजना त्याच जातीची. ती वर्षानुवर्षे रेंगाळली, हे आपले दुर्भाग्य. पण विचार योग्य दिशेचा आहे. तो चिकाटीने पुरा करावयास हवा.

गुजरातेकडून घेण्याजोगी दुसरी गोष्ट म्हणजे नगररचना योजना. ही काही परकी कल्पना नाही. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ सालचा. तेव्हा सुरत आणि सांगलीचा हा परिसर यांचा कारभार फारसा दूर नव्हता. या पद्धतीत एका भागातील सर्व मालकांच्या जमिनी एकत्र धरून प्रत्येकाकडून ठरावीक हिस्सा रस्ते, उद्याने, शाळा व गटारांसाठी घेतात आणि उरलेली जमीन नीट आखलेल्या भूखंडांच्या रूपाने ज्याची त्याला परत देतात. क्षेत्र घटते पण मोल वाढते. आरक्षण पडले म्हणून एकच मालक बुडत नाही आणि रस्ता मिळाला म्हणून एकच मालक गबर होत नाही. आपल्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही ही तरतूद आहे. वापर मात्र फार थोडा झाला. विश्रामबाग, मिरज आणि कुपवाडच्या चढाच्या भूमीवर अशा योजना वेळेवर आखल्या गेल्या, तर सामान्य माणसाला सखल जमिनीकडे वळण्याचे कारण उरणार नाही.

पैसा कोठून येणार?

हा प्रश्न व्यापाऱ्यानेच विचारावयास हवा. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. अशा मध्यम शहरांची अडचण अशी, की जबाबदारी महानगराची आणि उत्पन्न तालुक्याच्या गावाचे. पूर्वी जकात होती. मग स्थानिक संस्था कर आला. २०१५ साली बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि २०१७ च्या १ जुलैस वस्तू व सेवा कर लागू झाला. नाक्यावरील खोळंबा संपला, हे उत्तमच झाले. पण महापालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा घरपट्टी, पाणीपट्टी आणि विकास शुल्क एवढाच ऐवज राहिला. बाकीसाठी शासनाच्या अनुदानाकडे डोळे.

ज्या संस्थेचे उत्पन्न बांधकाम परवान्यावर अवलंबून असते, ती संस्था बांधकामाला नकार देऊ शकत नाही. हेच भांडवल खाण्याचे मूळ आहे. म्हणून घरपट्टी वेळेवर आणि पूर्ण भरणे याला मी निव्वळ कर्तव्य म्हणत नाही. महापालिकेला ‘नाही’ म्हणण्याचे बळ देणारी ती गोष्ट आहे. त्याबरोबरच आपण तिच्याकडून दर वर्षी एका पानाचा ताळेबंद मागितला पाहिजे. शहरात किती नाले होते, किती उरले; किती मैदाने होती, किती उरली; किती सांडपाणी निर्माण झाले, किती शुद्ध झाले. यंत्रावर घसारा धरतात, तसा शहराच्या या मालमत्तेवरही धरला गेला पाहिजे.

पेठ हलवावी काय?

महापुरानंतर अनेकांनी विश्रामबागेकडे नवी दुकाने घेतली. काही जण म्हणतात, सारी कापड पेठच तिकडे न्यावी. माझा या विचारास विरोध आहे आणि तो केवळ जिव्हाळ्यापोटी नाही. जुनी पेठ हा नियोजनाचा उत्तम नमुना आहे. खाली दुकान, वर घर; शेजारी सराफ, पलीकडे भांडी, पुढे मंडई. लग्नाचा बस्ता बांधावयास आलेले खेड्यातील कुटुंब येथे उतरते आणि एकाही वाहनात न बसता सारी खरेदी आटोपून जाते. आज मोठमोठे तज्ज्ञ पायी चालता येईल अशा शहराचे गोडवे गातात; ते शहर आपल्याकडे दोनशे वर्षांपासून आहे. पेठ मोडली तर हमाल, शिंपी, चहावाले, रिक्षावाले या सर्वांची साखळी मोडेल, आणि रिकाम्या पेठेच्या संरक्षणासाठी मग कोणी आग्रहही धरणार नाही.

तेव्हा मधला मार्ग असा. विक्री पेठेत, साठा उंचावर. मिरज रस्त्याकडे वा कुपवाडला व्यापाऱ्यांनी सामायिक गोदाम उभारावे आणि पेठेत पंधरवड्यापुरताच माल ठेवावा. जुन्या इमारतींचे नूतनीकरण करताना तळमजल्यावर पाणी येणार हे गृहीत धरून विजेचे मीटर, हिशेबाची दप्तरे आणि जिना यांची आखणी करावी. नदीबरोबर राहावयाचे, तर तिच्या येण्याची तयारी ठेवून राहावयाचे.

समारोप

आता जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने या भागासाठी पूरनियंत्रणाची मोठी योजना आखण्यात आली आहे. तिचे स्वागतच आहे. पण कोट्यवधींच्या योजनेने एका टोकाला पाणी उपसावयाचे आणि दुसऱ्या टोकाला आपणच नाले बुजवावयाचे, असे चालले तर ती गळक्या रांजणात पाणी भरण्याची गत होईल. नाल्यांची मोजणी होऊन त्यांच्या हद्दीचे दगड रोवले जावेत. त्यांची यादी महापालिकेच्या सभेत वाचली जावी. आणि त्यांतील एक हातभर जागा कमी करावयाची झाली, तर संस्थेची जमीन विकताना लागते तितकीच कठोर परवानगी लागावी. एवढी एक मागणी जरी सर्व समाजांनी मिळून लावून धरली, तरी बरेच साधेल.

या सभागृहात प्रत्येक समाजोपयोगी कामात पुढे असणारी माणसे बसली आहेत. आपल्यापैकी अनेकांनी भूखंड घेतले आहेत, काहींनी पाडलेही आहेत. माझी नम्र विनंती एवढीच, की पुढचा व्यवहार करताना सात-बाऱ्याबरोबर त्या जमिनीचा उतारही पाहावा, आणि तिच्यावरून वाहणारे पाणी उद्या कोणाच्या उंबरठ्यावर जाईल, याचाही विचार करावा. विश्वस्त म्हणून आपण जी शिस्त या संस्थेसाठी पाळली, तीच शहरासाठी पाळली, तर संस्थेचा शतक महोत्सव साजरा करणाऱ्यांना सभागृहाच्या भिंतीवर पाण्याची चौथी खूण रंगवावी लागणार नाही.